गढूळ पाण्याचे मोजमाप आणि गाळाच्या कणांचे आकारमान

मृगाचा पाऊस स्थिरावला की राज्यातील नद्या-नाल्यांचे पाणी रंग पालटते. उन्हाळ्यात तळ दिसावा इतके नितळ असलेले पात्र तांबूस किंवा काळपट पाण्याने दुथडी भरून वाहू लागते. हे पाणी ज्या गावांच्या नळयोजनेला पुरविले जाते, त्या गावांच्या ग्रामपंचायतींपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. पाणी किती गढूळ आहे, ते किती वेळात निवळेल आणि पिण्यायोग्य कसे करावयाचे? धरणावरील अभियंत्यापुढील प्रश्न निराळा असतो. या पुराबरोबर जलाशयात किती गाळ आला, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते.

या दोन्ही प्रश्नांच्या उत्तरासाठी हल्ली बहुधा एकाच उपकरणाकडे धाव घेतली जाते. ते म्हणजे पाण्यात प्रकाश सोडून गढूळपणा मोजणारे टर्बिडिटी मीटर. पाण्याचा नमुना काचेच्या कुपीत भरावा, कुपी उपकरणात ठेवावी आणि काही क्षणांत समोर उमटणारा आकडा नोंदवून घ्यावा, इतकी ही पद्धत सोपी आहे. तथापि हा आकडा गाळाचे वजन सांगत नाही. गाळाच्या कणांनी प्रकाश किती विखुरला, एवढेच तो सांगतो. प्रकाशाचे हे विखुरणे कणांच्या संख्येवर आणि त्याहूनही अधिक त्यांच्या आकारमानावर अवलंबून असते. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास अचूक उपकरणाचा अचूक आकडादेखील चुकीच्या निर्णयास कारण होऊ शकतो.

गढूळपणा म्हणजे काय?

स्वच्छ पाण्यातून प्रकाशाचा किरण जवळजवळ सरळ निघून जातो. पाण्यात माती, वाळू, शेवाळ, कुजलेला पालापाचोळा यांचे कण तरंगत असले, म्हणजे किरणाचा काही भाग कणांवर आदळून निरनिराळ्या दिशांना फेकला जातो आणि काही भाग कणांत शोषला जातो. दिशा बदलण्याच्या या क्रियेस प्रकीर्णन असे म्हणतात. पाणी गढूळ दिसते ते मुख्यतः या प्रकीर्णनामुळे. बंद खोलीत कवडशातून उन्हाची तिरीप आली असता हवेतील धुळीचे कण चमकताना दिसतात, त्यातही हीच क्रिया घडत असते.

गढूळपणा हा अशा रीतीने पाण्याचा प्रकाशविषयक गुणधर्म आहे. एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम गाळ आहे, हे सांगणारे माप वेगळे. त्यासाठी पाणी गाळून घ्यावे लागते, गाळणपत्रावर उरलेला गाळ १०३ ते १०५ अंश सेल्सिअस तापमानात वाळवावा लागतो आणि त्याचे वजन करावे लागते. या कामास वेळ, भट्टी, सूक्ष्म तराजू आणि प्रशिक्षित माणूस लागतो. त्यामुळे प्रकाशाच्या साहाय्याने होणारे झटपट मोजमाप लोकप्रिय झाले, हे स्वाभाविकच होय.

मेणबत्तीपासून विद्युत उपकरणापर्यंत

या मोजमापाचा इतिहास उद्बोधक आहे. १९०० च्या सुमारास अमेरिकेत व्हिपल आणि जॅक्सन यांनी एक साधे साधन प्रचारात आणले. मेणबत्तीवर काचेची उभी नळी धरावयाची आणि ज्योतीची आकृती वरून दिसेनाशी होईपर्यंत नळीत नमुन्याचे पाणी ओतत जावयाचे, अशी ही रीत होती. पाणी जितके गढूळ, तितक्या कमी उंचीला ज्योत दिसेनाशी होई. २१.५ सेंटिमीटर उंचीला ती दिसेनाशी झाली, तर गढूळपणा १०० एकके मानला जाई.

१९०२ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १०० एककांची जी व्याख्या केली, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाण्याच्या दहा लाख भागांत सिलिकाचे शंभर भाग असावेत, एवढ्यावर ही व्याख्या थांबली नाही. ती सिलिका इतकी बारीक असावी, की एक मिलिमीटर जाडीची प्लॅटिनमची चकचकीत तार पाण्याच्या पृष्ठभागाखाली १०० मिलिमीटरवर जेमतेम दिसावी, असेही तीत म्हटले होते. केवळ वजन सांगून भागत नाही, बारीकपणाही सांगावा लागतो, हे त्या काळच्या तंत्रज्ञांना उमगले होते.

नैसर्गिक माती वापरून प्रमाणद्रव्य बनविण्यात हीच अडचण होती. एका खाणीतील माती दुसऱ्या खाणीतील मातीसारखी बारीक नसते. म्हणून १९२६ मध्ये किंग्सबरी व क्लार्क यांनी फॉर्माझिन नावाचे रासायनिक प्रमाणद्रव्य सुचविले. ते प्रयोगशाळेत ठरावीक रसायनांपासून तयार करता येते आणि दर वेळी जवळजवळ सारखेच बनते. आजची उपकरणे याच द्रव्यावर किंवा त्याच्याशी जुळवून घेतलेल्या अन्य प्रमाणांवर जुळविली जातात.

आजच्या उपकरणात दिव्याचा झोत कुपीतून जातो आणि झोताच्या काटकोनात बसविलेला संवेदक बाजूला विखुरलेला प्रकाश टिपतो. अशा उपकरणास नेफेलोमीटर म्हणतात. ग्रीक भाषेत ‘नेफेले’ म्हणजे ढग. यावरूनच एन.टी.यू., म्हणजे नेफेलोमेट्रिक टर्बिडिटी युनिट, हे एकक आले. मात्र उपकरण फॉर्माझिनवर जुळविलेले असते आणि कुपीत असतो नदीचा गाळ. दोहोंचे कण सारख्या आकारमानाचे नसतात. खरी गुंतागुंत येथून सुरू होते.

वजन तेच, कण निराळे

मातीच्या कणांचे आकारमानानुसार वर्गीकरण केले जाते. भारतीय मानक संस्थेने १९७० मध्ये ठरविलेल्या वर्गवारीप्रमाणे ०.००२ मिलिमीटरहून लहान कण म्हणजे चिकणमाती, ०.००२ ते ०.०७५ मिलिमीटरपर्यंतचे कण म्हणजे पोयटा आणि त्याहून मोठे, ४.७५ मिलिमीटरपर्यंतचे कण म्हणजे वाळू होय. वाळूचा कण डोळ्यांना दिसतो. चिकणमातीचा एकेकटा कण साध्या डोळ्यांना दिसत नाही.

आता एक हिशेब करून पाहू. एक ग्रॅम वाळू घेतली आणि तिचा प्रत्येक कण ०.२ मिलिमीटर व्यासाचा गोल आहे असे मानले, तर तीत सुमारे ९० हजार कण भरतील. या सर्व कणांची प्रकाशाला अडविणारी एकूण सावली साधारणतः २८ चौरस सेंटिमीटर होईल, म्हणजे ५.३ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढी. हीच एक ग्रॅम वाळू दळून तिचे ०.००२ मिलिमीटर व्यासाचे कण केले, तर त्यांची संख्या ९ हजार कोटींवर जाईल आणि सावली शंभरपट वाढून सुमारे २,८०० चौरस सेंटिमीटर होईल. हा चौरस ५३ सेंटिमीटर बाजूचा होतो. पदार्थ तोच, वजन तेच, पाणीही तेवढेच. परंतु व्यास शंभर पटींनी कमी झाल्याने प्रकाशाला होणारा अडथळा शंभर पटींनी वाढला.

म्हणूनच वाळूने भरलेले पाणी उपकरणात तुलनेने कमी आकडा दाखविते आणि त्याहून पुष्कळ कमी वजनाची चिकणमाती असलेले पाणी मोठा आकडा दाखविते. प्रत्यक्ष नद्यांत कणांचे मिश्रण असल्यामुळे फरक एवढा टोकाचा नसतो. तरीही गाळाचे वजन कायम असताना केवळ कणांच्या आकारमानामुळे आकड्यात चौपटीपर्यंत फरक पडू शकतो, असे १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील नदी-अभ्यासक गिपेल यांनी नमूद केले आहे.

अतिसूक्ष्म कण आणि प्रकाशाची दिशा

यावरून कण जितका लहान तितका गढूळपणा अधिक, असा सरसकट नियम मात्र करता येत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कण या तरंगलांबीहून फारच लहान झाला, की त्याची प्रकाश विखुरण्याची शक्ती झपाट्याने घटते. त्याचा व्यास निम्मा झाला, तर एका कणाने विखुरलेला प्रकाश चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. हा नियम लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये आकाशाच्या निळ्या रंगाची मीमांसा करताना मांडला. परिणामी, वजनाच्या मानाने सर्वांत जास्त गढूळपणा देणारे कण साधारणपणे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आगेमागे, म्हणजे एक मायक्रॉनच्या आसपास असतात. चिकणमातीचे पुष्कळसे कण नेमके याच टप्प्यात मोडतात.

दुसरी बाब दिशेची. अतिसूक्ष्म कण प्रकाश पुढे व मागे सारख्याच प्रमाणात फेकतात. मोठे कण तो बहुतांशी पुढच्या दिशेनेच फेकतात. कोणत्याही आकारमानाच्या गोल कणासाठी हा हिशेब कसा करावा, हे जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये दाखवून दिले. उपकरणातील संवेदक काटकोनात असल्यामुळे मोठ्या कणांनी पुढे फेकलेला प्रकाश त्याच्या वाट्याला फारसा येत नाही. वाळूचा आकडा कमी येण्याचे हे आणखी एक कारण होय.

रंगाचाही परिणाम होतो. काळसर कण प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे विखुरलेला प्रकाश कमी पडतो. लोहयुक्त तांबडी माती निळा प्रकाश अधिक शोषते. पांढऱ्या प्रकाशाचा दिवा असलेले उपकरण आणि ८६० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरणारे उपकरण यांनी एकाच नमुन्यास वेगवेगळे आकडे दिले, तर त्यात नवल नाही. म्हणून नोंदवहीत आकड्यासोबत उपकरणाचा प्रकारही लिहिला पाहिजे.

नदी तशी माती

महाराष्ट्रात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी नाशिक, अहिल्यानगर व मराठवाड्यातून वाहते, ती दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशातून. या बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या कसदार जमिनीत माँटमोरिलोनाइट गटातील अत्यंत बारीक चिकणमाती भरपूर असते. पावसाच्या पाण्याबरोबर ती वाहून आली, की तिचे कण दीर्घकाळ तरंगत राहतात. अशा पाण्यात थोड्या वजनाचा गाळही मोठा आकडा दाखवू शकतो.

पूर्वेकडील वैनगंगेची गोष्ट वेगळी आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली भागांतून जाणारी ही नदी पुष्कळ अंतर प्राचीन ग्रॅनाइट व नाइस खडकांच्या प्रदेशातून वाहते. तिच्या पात्रातील वाळू सर्वपरिचित आहे. पुरात तळाशी लोळत जाणाऱ्या वाळूची वार्ताही काठावर पृष्ठभागाजवळ बसविलेल्या संवेदकाला लागत नाही. कोकणातील नद्या आखूड व वेगवान, आणि त्यांची माती जांभ्यापासून झालेली, तांबडी व लोहयुक्त. याच नद्या खाडीला मिळतात, तेव्हा खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे मोठे पुंजके बनतात आणि ते तळाशी बसू लागतात. गाळ तोच असतो, मात्र पुंजके झाल्याबरोबर गढूळपणाचा आकडा बदलतो.

एकाच नदीतही पुराच्या चढत्या व उतरत्या काळात फरक पडतो. पाणी चढत असताना प्रवाहाचा जोर मोठा असल्याने जाडेभरडे कणही वर उचलले जातात. पूर ओसरू लागला, की आधी वाळू बसते, मग पोयटा आणि शेवटी उरते ती चिकणमाती. अशा वेळी गाळाचे वजन पुष्कळ उतरते, परंतु आकडा त्या मानाने उतरत नाही.

गाळाचे वजन आकड्यावरून काढावयाचे झाल्यास

जलाशयात येणाऱ्या गाळाचा अंदाज घेण्यासाठी टर्बिडिटी मीटर निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. रात्रंदिवस नोंद घेणारे असे दुसरे सोपे साधन नाही. मात्र काही पथ्ये पाळावयास हवीत.

पहिले पथ्य असे, की प्रत्येक ठिकाणासाठी आकडा व वजन यांचे कोष्टक स्वतंत्रपणे तयार करावे. पावसाळाभर लहानमोठ्या पुरांत पाण्याचे नमुने घ्यावेत, प्रयोगशाळेत गाळाचे वजन करावे आणि त्याच वेळच्या आकड्यांशी त्याची सांगड घालावी. एका नदीचे कोष्टक दुसऱ्या नदीस लावू नये. दुसरे पथ्य, चढत्या व उतरत्या पुराचे नमुने वेगळे ओळखता येतील असे नोंदवावेत. तिसरे, काही नमुन्यांतील कणांच्या आकारमानाचे विश्लेषणही करून घ्यावे. देशातील नदी-मापन केंद्रांवर गाळाची विभागणी ०.२ मिलिमीटरहून मोठा जाडा, ०.०७५ ते ०.२ मिलिमीटरचा मध्यम व त्याहून लहान तो बारीक अशी करण्याची पद्धत रूढ आहे. ही विभागणी हाती असली, की आकडा अनपेक्षितपणे बदलल्याचे कारण उलगडते. चौथे पथ्य, पाणी अतिशय गढूळ असेल तर विखुरलेला प्रकाश संवेदकापर्यंत पोचण्यापूर्वीच पुन्हा अडविला जातो आणि आकडा वाढण्याऐवजी घटूही शकतो. अशा नमुन्यात मोजून स्वच्छ पाणी मिसळावे, मोजमाप करावे आणि आलेल्या आकड्यास तेवढ्या पटीने गुणावे.

नमुना हाताळण्यातही दक्षता हवी. कुपी स्थिर ठेवल्याबरोबर वाळू बसू लागते. म्हणून मोजण्यापूर्वी ती हळूहळू उलटसुलट करावी. जोराने हलविल्यास हवेचे बुडबुडे होतात व तेही प्रकाश विखुरतात. कुपीवर ओरखडे किंवा बोटांचे ठसे नसावेत.

पिण्याच्या पाण्याचा विचार

पिण्याच्या पाण्यासाठीच्या २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणे गढूळपणाची स्वीकारार्ह मर्यादा १ एन.टी.यू. असून अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास ती ५ एन.टी.यू.पर्यंत शिथिल करता येते. ही मर्यादा केवळ पाणी दिसावयास चांगले असावे म्हणून नाही. मातीच्या कणांच्या आडोशाला रोगजंतू सुरक्षित राहतात, आणि कणांसोबत आलेला सेंद्रिय पदार्थ क्लोरिन खाऊन टाकतो. गढूळ पाण्यात नेहमीइतकीच टीसीएल पावडर टाकली, तर नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात मुक्त क्लोरिनचे लिटरला ०.२ मिलिग्रॅम हे किमान प्रमाणही उरेलच असे नाही.

येथेही कणांचे आकारमान निर्णायक ठरते. सर जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार स्थिर पाण्यात कणाच्या खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खोली सुमारे दोन मिनिटांत पार करतो. ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणास सुमारे तीन तास लागतात. ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणास बारा-तेरा दिवस लागतात, तेही पाणी अगदी निश्चल असेल तर.

समजा, दोन गावांच्या पाण्याचा गढूळपणा सारखाच २०० एन.टी.यू. निघाला. एका गावच्या पाण्यात पोयटा व बारीक वाळू आहे, दुसऱ्या गावच्या पाण्यात काळ्या जमिनीतील चिकणमाती आहे. पहिल्या गावी साठवण टाकीत रात्रभर पाणी ठेवले, तर सकाळपर्यंत ते पुष्कळसे निवळेल. दुसऱ्या गावी सकाळीही आकडा फारसा उतरलेला नसेल. तेथे तुरटीवाचून गत्यंतर नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. तुरटीमुळे हा भार निष्प्रभ होतो, कणांचे पुंजके बनतात आणि ते खाली बसतात. पूर्वी घरोघरी निवळीचे बी उगाळून माठातील पाणी निवळवीत, त्यामागेही कणांना एकत्र आणण्याचीच क्रिया होती. तुरटीची मात्रा मात्र केवळ उपकरणाच्या आकड्यावरून ठरवू नये. त्याच दिवशीच्या पाण्याचे पाच-सहा सारखे नमुने घेऊन त्यांत चढत्या प्रमाणात तुरटी घालावी व कोणत्या मात्रेला पाणी सर्वांत चांगले निवळते ते पाहावे. जार टेस्ट या नावाने ही चाचणी जलशुद्धीकरण केंद्रांत परिचित आहे. पाणी निवळल्यानंतरच निर्जंतुकीकरण करावे. कारण नितळ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय चाचणी संचाद्वारे पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याचे धोरण स्वीकारले. या भगिनींनी आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांनी गढूळपणाचा आकडा नोंदविताना आणखी एक निरीक्षण जोडावे. तोच नमुना तीन तास स्थिर ठेवून वरचे पाणी पुन्हा तपासावे. आकडा झपाट्याने उतरला तर गाळ जाडा, जागच्या जागी राहिला तर बारीक. एवढ्या साध्या नोंदीवरून पुढील उपाय ठरविणे सोपे जाते.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. एक लिटरच्या तीन पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. एकीत एक ग्रॅम धुतलेली वाळू, दुसरीत नदीकाठचा एक ग्रॅम पोयटा आणि तिसरीत शेतातील एक ग्रॅम काळी चिकणमाती घालावी. चिकणमाती आदल्या रात्री थोड्या पाण्यात भिजवून ढेकळे पुरती विरघळू द्यावीत. बाटल्या पाण्याने भरून, हलवून शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि मागे छापील कागद धरावा. कोणत्या बाटलीतून अक्षरे वाचता येतात, हे विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. खोली अंधारी करून एका बाजूने विजेरीचा झोत टाकावा आणि काटकोनातून पाहावे. त्या क्षणी विद्यार्थ्याचा डोळाच नेफेलोमीटरचे काम करीत असतो. दोन मिनिटांनी, तीन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निरीक्षण करावे. अखेरीस तिसऱ्या बाटलीत चिमूटभर तुरटी विरघळवावी, म्हणजे पुंजके बनून खाली बसताना दिसतील. तीनही बाटल्यांत वजन सारखे होते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले की प्रयोगाचा हेतू सफल झाला. या बाटल्यांतील पाणी अर्थातच कोणी पिऊ नये.

शेताच्या बांधापर्यंत

नदीच्या पाण्यातील सर्वांत बारीक कण हे शेतजमिनीचे सर्वांत मोलाचे कण असतात. पिकांची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता वाळूत नसते, ती चिकणमातीत व सेंद्रिय अंशात असते. आकडा मोठा व वजन कमी असलेले काळपट पाणी वाहून जाते, तेव्हा शिवारातील कस वाहून जात असतो. असे पाणी नळयोजनेसही सर्वांत जड जाते. बांधबंदिस्ती, समतल मशागत, नाल्याकाठी गवताचे पट्टे व झाडोरा ही कामे या दृष्टीने पाणीपुरवठ्याचीही कामे ठरतात. जी माती शेतातच अडविली, तिच्यासाठी टाकीवर तुरटी खर्चावी लागत नाही.

गढूळपणाचा आकडा उपयुक्त आहे आणि तो नियमितपणे नोंदविला गेलाच पाहिजे. त्यासोबत माती कोणती, कण केवढे, पूर चढता की उतरता आणि उपकरण कोणते, या चार गोष्टी नोंदविल्या गेल्या, तर तोच आकडा अभियंत्याला गाळाचा, ग्रामपंचायतीला तुरटीचा आणि शेतकऱ्याला जमिनीच्या धुपीचा हिशेब देऊ शकेल.